च्यूस म्हणजे काय, बाई?

नवीन पनवेलला माझा जर्मनचा क्लास आहे. परदेशी जायची घाई झालेली मुलं येतात. रोडपालीच्या वेणूताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी न्यायला आल्या असतील. लहानपणी आईबापाबरोबर मिठागरात राबलेली, साठी उलटलेली ही आगरी बाई बाकावर ऐसपैस बसली नि म्हणाली, “मना येकच शब्द सांगा, बाई. च्यूस म्हंजे काय?”

त्यांचा मुलगा प्रणित लग्न करून स्टुटगार्टला गेला तो गेलाच. नातू वरद तिथेच जन्मला, पाच वर्षांचा झाला, पण आजीच्या मांडीवर एकदाही बसला नाही. दर रविवारी फोनवर दिसतो, शेवटी ‘च्यूस’ म्हणतो आणि फोन बंद.

मग काय, माझी गाडी सुटली! म्हटलं, हा त्यांचा निरोपाचा शब्द. मूळचा जर्मन नाहीच, खलाशांनी बंदरांतून आणलेला. तेव्हा ‘अद्यूस’ होता, म्हणजे ‘देवाच्या हवाली’. बोलून बोलून झिजला. कोलोनचे लोक ‘च्यो’ म्हणतात. प्रणितच्या स्टुटगार्टकडची म्हातारी माणसं ‘आडे’ म्हणतात, तोही त्याच कुळातला. बव्हेरियात तर ‘देव तुला सांभाळो’ हेच अर्धं गिळून बोलतात.

“देवाच्या हवाली?” वेणूताई भडकल्या. “अगो बाई, जित्या मानसाला? आमी ‘जातो’ पन म्हनत नाय. ‘येतो’ म्हनतो. येतो म्हनलं की मानूस परत येतं.”

‘पुन्हा भेटू’ अर्थाचा शब्दही मी सांगितला, पण तो त्यांना लांबलचक वाटला. वरदला ‘येतो’च शिकवायचं ठरलं. त्याला मराठी फारसं कळत नाही, म्हणून पुढच्या रविवारी त्यांनी मलाच घरी बोलावलं.

मी वरदला जर्मनमध्ये समजावलं, निघताना असं म्हणायचं, म्हणजे आपण परत येणार. पोरगं हुशार. “येतो, आजी,” म्हणालं. वेणूताईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात वरदने बापाकडे वळून काहीतरी विचारलं.

“काय म्हनला?”

“विचारतोय, कधी जायचं आजीकडे?” मी सांगितलं.

प्रणित खाली बघत म्हणाला, “सुट्टीचं बघतो, आई.” मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. आता ही माउली ‘असू दे रे, घाई नाय’ म्हणणार, मला खात्रीच होती. आया अशाच असतात मेल्या.

वेणूताईंनी फोन जवळ ओढला.

“बघतो नको सांगू. जीव तुटतो रे माझा त्याच्यासाठी. मना घाई हाय.”