मैनाबाईंच्या कुंपणावरची कळलावी

भरवेलीच्या खाणकामगारांच्या चाळींत मैनाबाईंइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरातला शब्द न् शब्द मला ऐकू यायचा.

त्यांनी दारापुढच्या कुंपणावर कळलावीची वेल चढवली होती. पिवळ्या-लाल, ज्वाळांसारख्या वर वळलेल्या पाकळ्यांचं फूल. दिसायला देखणं, पण दारी लावलं की घरात भांडणं लागतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. चाळीत कुणाची भाकरी करपली तरी बोट मैनाबाईंच्या कुंपणाकडे जायचं.

खाणीमागच्या टेकडीवर पूर्वी श्रावणात ही फुलं दाट असायची. मग औषधवाल्या व्यापाऱ्याची माणसं कंद खणून पोती भरून नेऊ लागली. उरलेल्या उतारावर खाणीचा मलबा पडू लागला. शेवटच्या वेली गाडल्या जायच्या आधी मैनाबाईंनी त्यांचे कंद उकरून घरी आणले. नवरा, भोजराज, वैतागला.

"फेकून दे ते. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. टेकडीवर एकबी नाही राह्यली. इथूनबी काढली तं पाह्यले कुठं जाशीन?"

१९६८च्या भादव्यात लांजीचे दुलीचंद आपल्या मुलाला घेऊन मैनाबाईंच्या साधनाला पाहायला आले. मुलगा साधनाच्या मनात भरला होता, हे तिनंच मला सांगितलं होतं. चहा झाला, मुलगी पसंत पडली. निघताना दुलीचंदांची नजर कुंपणावर गेली.

"बाई, ते काढून टाका. मंग तारीख पक्की करू."

"काहून जी?"

"घरात भांडन लावते ते. दारात ठेवते का कोनी?"

मैनाबाई ताठ उभ्या राहिल्या. "भाऊ, छप्पन्न साली तुम्ही-आम्ही नागपूरले एकाच मैदानात दीक्षा घेतली. त्याच्या आधी आपल्यालेबी लोकं हेच म्हनत होते न, यायले दारात उभं करू नका? आता तुम्ही त्या येलीले तेच म्हनता! मी नाही काढत."

"पोरीपेक्षा येल मोठी झाली काय?" म्हणत दुलीचंद तरातरा निघाले. मुलानं एकदा मागं पाहिलं, पण बापापुढे तोंड उघडलं नाही. नेभळट मेला!

मैनाबाई बोलायला बोलल्या, पण आत येऊन चुलीपुढे मटकन बसल्या. "साधना, तुयं मन मोडलं का मी?" मला तर मैनाबाईंचा रागच आला. एका वेलीपायी जमत आलेलं लग्न मोडावं?

संध्याकाळी नळाला पाणी आलं. साधनानं डोळे पुसले, घागर उचलली, कुंपणाशी थांबून सगळ्यात लाल फूल खुडलं आणि वेणीत खोवलं. कळलावी माळलेली पोर आम्ही जन्मात पाहिली नव्हती. नळावर भांडायला सज्ज असलेल्या बाया एकेक करत मागे सरल्या. साधनानं सगळ्यांच्या आधी घागर भरली आणि चाळभर ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "काकू, मायले सांगा, एक कंद माह्या नावानं ठेव म्हना. जे घर तो दारात लावू देईन, त्याच घरात मी जाईन."