व्यंकट सरांची उकळणारी गाडी

माझं बॅटरीचं दुकान सत्तारभाईंच्या गॅरेजला चिकटून आहे. त्यामुळं दिवसाकाठी बॅटऱ्या कमी विकल्या जातात आणि किस्सेच जास्त जमतात. ते लिहून ठेवायची गरज पडत नाही. नांदेडच्या उन्हात एखादी जुनी गाडी वाफ सोडत दारात थांबली की समजायचं, आज आणखी एकाची भर पडली!

त्यातले निम्मे एकाच गाडीचे. आमचे व्यंकट सर मूळचे मुखेडचे, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, काळी, गोल हेडलाइटची. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, गाडी अजून चालू आहे. चालू म्हणजे, थोडी चालते आणि मग उकळते.

* * *

एकदा सर हसत हसत आले. "सत्तारभाई, गाडी हीट मारायची बंद झाली! काटा आता वर जातच नाही."

सत्तारभाईंनी बॉनेट उघडलं. टेम्परेचरच्या काट्याची वायर काढलेली, आणि तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळलेली!

"सर, ही वायर कुनी काढली?"

"मीच. काटा वर गेला की माझं बीपी वर जायचं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका."

सत्तारभाई मटकन टायरवर बसले. वायर परत जोडा म्हणून त्यांनी परोपरीनं सांगितलं. सरांनी मान डोलावली आणि जोडली नाही.

आठच दिवसांनी सर काकूंना घेऊन त्यांच्या माहेरी देगलूरला निघाले. नरसीच्या पुढं बॉनेटमधून असा धूर निघाला की मागचा एसटीवाला बस थांबवून पाणी घेऊन धावला! इंजिनच्या डोक्याखालचं हेड गॅसकेट जळालं होतं. सरांचं बीपी मात्र शेवटपर्यंत नॉर्मल.

काकू दोन तास बाभळीखाली बसल्या आणि टेम्पोतून घरी आल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही गाडी अजून एकदा माझ्यासमोर उकळली ना, की भंगारात. भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेवलाय मी!"

आणि खरंच मोबाइल उघडून दाखवला. आम्ही गार! सरांचं तोंड तर बघवेना. नोकरीच्या पहिल्या दिवशी वडिलांनी त्यांना याच गाडीतून शाळेवर सोडलं होतं.

* * *

मग आमचे गायकवाड साहेब मैदानात उतरले. बांधकाम खात्यातले रिटायर्ड इंजिनिअर. जुन्या जीपचे मालक, त्यामुळं या बाबतीत त्यांना गप्प बसवणारा कुणी नाही. त्यांनी रेडिएटर खोलायला लावला. आतल्या नळ्यांमध्ये पांढरा दगड साचलेला! स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तरी निघेना.

"सर, यात पाणी कुठलं घालता?"

"घरच्या बोअरचं."

"आणि तुम्ही स्वतः काय पिता?"

"आम्ही जार आणतो. बोअरचं कसं पिणार? त्यानं मुतखडा होतो!"

सत्तारभाईंनी रेडिएटर उचलून सरांपुढं धरला. "हिला झालाय."

त्या दिवसापासून गाडीत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. घरात जार वेळेवर आला नाही तरी चालतो, गाडीचा कॅन आधी भरतो.

* * *

गॅसकेट बदलायला इंजिन खोललं, काट्याची वायरही सत्तारभाईंनी परत जोडून टाकली. तेव्हाच आणखी एक धक्का बसला. थर्मोस्टॅट वॉलच नाही! इंजिन तापलं की हा वॉल आपोआप उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं सोडतो. तो जागेवर असायला पाहिजे की नको?

"आपल्याकडं सगळेच काढून टाकतात," सत्तारभाई म्हणाले. "आपल्याकडं थंडी हाय कुठं?"

गायकवाड साहेब खवळले. हैदराबादहून नवा वॉल मागवला आणि बसवायच्या आधी तपासायचाच म्हणाले. तपासायचा कसा, तर गरम पाण्यात बुडवून. कुठं, तर सरांच्या स्वयंपाकघरात! काकू देवळात गेलेल्या. गॅसवर पातेलं, पातेल्यात दोऱ्यानं सोडलेला वॉल, आणि भोवती आम्ही चार म्हातारे श्वास रोखून.

"उघडला! उघडला!" सर लहान पोरासारखे ओरडले.

मागून काकूंचा आवाज आला. "माझ्या चहाच्या पातेल्यात काय शिजवून राहिले तुम्ही?"

काकूंनी वाकून बघितलं आणि विचारलं, "हे झालं की गाळून घ्यायचं का?"

आम्ही मागच्या दारानं पळालो. साहेबांची एक चप्पल तिथंच राहिली.

* * *

पुढच्या किश्शातला गुन्हेगार मी आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो.

रेडिएटरला जास्तीचा इलेक्ट्रिक पंखा लावायचं ठरलं. वायरिंगचं काम माझ्याकडं. पंखा भन्नाट फिरायला लागला, टाळ्या पडल्या, पेढे वाटले. आणि गाडी आधीपेक्षा लवकर गरम व्हायला लागली! नशीब, काकू सोबत नव्हत्या.

तीन दिवस सगळ्यांनी डोकं फोडून घेतलं. शेवटी सत्तारभाईंनी वर्तमानपत्राचा कागद गाडीच्या तोंडावरच्या जाळीला लावला. पंखा हवा आत ओढत असला की कागद जाळीला चिकटतो. आमचा कागद उडाला आणि सरळ माझ्या तोंडावर आला!

दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. तीस वर्षं बॅटऱ्या विकणाऱ्या माणसाच्या हातून! मला लाजेनं मेल्यासारखं झालं. सत्तारभाई एवढंच म्हणाले, "मियाँ, दुकानावर बोर्ड तुमचाच हाय ना?"

* * *

आणि मग आला मे महिना. लातूरला सरांच्या लेकीचं डोहाळजेवण. काकू म्हणाल्या, एसटीनं जाऊ. सर म्हणाले, गाडीनं. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी काकू नवी साडी नेसून गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला. पण माझं बोलणं ध्यानात हाय ना?" मागच्या सीटवर पाण्याचे कॅन मांडीवर घेऊन मी.

दुपारचे बारा. आभाळात ढगाचा ठिपका नाही. लोह्याच्या पुढं चढाला कडब्याचा ट्रॅक्टर आडवा आला. रस्ता अर्धा उकरलेला, ओव्हरटेक करता येईना. आमचा वेग बैलगाडीचा झाला. काटा हलला. मग निम्म्यावर गेला. मग लालच्या जवळ! सर ट्रॅक्टरला हॉर्नवर हॉर्न द्यायला लागले. आता उकळली की संपलं, लातुरात पोचायच्या आत भंगारवाल्याला फोन!

काकूंनी हात पुढं केला, डॅशबोर्डखालची दांडी धरली आणि टोकापर्यंत ओढली. हीटर! फुल!

त्या गाडीला हीटर आहे हे मी विसरूनच गेलो होतो. नांदेडात कोण लावतं? काटा लालकडं गेला की हीटर लावायचा, म्हणजे इंजिनची उष्णता माणसांवर येते आणि इंजिन वाचतं, हे सत्तारभाई सरांच्या घरी बोलले होते खरे, पण आमच्याशी. काकू तेव्हा चहाचे कप गोळा करत होत्या!

"अगं, तू..." सर त्यांच्याकडं वळले.

"माझ्याकडं बघू नका. काट्याकडं बघा."

बाहेर लू, आत भट्टी. काटा खाली यायला लागला. ट्रॅक्टर वळून गेला तरी काकूंनी दांडीवरचा हात काढला नाही. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, हीटर चालूच. साडी अंगाला चिकटली, सरांच्या शर्टातून पाणी ठिबकायला लागलं, माझा चष्मा नाकावर थांबेना. पण गाडी उकळली नाही.

लातुरात दारात विहीणबाई तांब्या घेऊन उभ्या होत्या. आम्हा तिघांना वरून खालपर्यंत बघून त्यांच्या हातातला तांब्या डुचमळला.

"अगंबाई! पाऊस लागला की काय वाटंत?"

काकूंनी पदर पिळला. "हाव. लोह्यापासून लागला."