सातमिनिटे

मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, बॉयलरला लागून, धुलाईखातं आहे. तिथे गरम रोलरच्या मशीनवर काम करणाऱ्या एका माणसाला सगळे सातमिनिटे म्हणतात. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुपारी दीडला ते नमाजासाठी शेजारच्या चादरींच्या खोलीत जातात आणि बरोबर सात मिनिटांनी परत येतात, म्हणून पडलेलं नाव. ते इतकं रुळलं की ऑफिसात नव्याने आलेल्या कारकुनाने एकदा हजेरीपटावर तेच चढवलं, आणि उगीच खाडाखोड नको म्हणून सातमिनिट्यांनीही त्यापुढे मुकाट्याने सही केली. तंटा टाळण्यासाठी माणूस किती खाली वाकू शकतो, याचं हे उदाहरण.

नाव ठेवलं होतं पैलवानाने. पैलवान हा त्यांचा मशीनवरचा जोडीदार, आणि हेही टोपणनावच. अंगावर मूठभर मांस नाही, वारा सुटला की भिंतीच्या कडेने चालणारा माणूस. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. जीभ मात्र खरोखरीच तालमीतली. सोड्यापासून सुपरवायझर बाईंच्या चपलेपर्यंत त्याने नावं ठेवली नाहीत अशी वस्तू त्या खात्यात नव्हती.

मशीनचं काम असं. ओली चादर एका बाजूने रोलरमध्ये सोडायची, दुसऱ्या बाजूने ती वाळून, इस्त्री होऊन बाहेर येते. मग दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, चार पावलं मागे जायचं, ताण द्यायचा, चार पावलं पुढे येऊन मध्ये भेटायचं. एकाने आपली टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. दिवसाला चारशे चादरी, अशी एकोणीस वर्षं. नवरा-बायकोसुद्धा इतक्या वेळा एकमेकांच्या समोर येत नसतील.

दुपारच्या त्या सात मिनिटांत हे सगळं पैलवान एकटा करायचा. रोलरचा वेग कमी करायचा, इकडून चादर सोडायची, मशीनला वळसा घालून पळत तिकडे जायचं आणि पकडायची. उशीर झाला की चादर रोलरला चिकटते, तिच्यावर पिवळा डाग पडतो, आणि तो डाग सात जन्म धुतला तरी जात नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर कुरकुर करणाऱ्या या माणसाने त्या पळापळीबद्दल मात्र कधी एक शब्द काढला नाही. देवाधर्माचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. देव असेल तर तो त्याचं काम बघेल, मशीन मी बघतो, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

आत खोलीत घड्या केलेल्या चादरींच्या छतापर्यंतच्या थप्प्या. समोर उशांच्या अभ्र्यांचं कपाट, डाव्या हाताला दार. दार अर्धं उघडं ठेवायचं, म्हणजे मशीनचा आवाज ऐकू येतो. सातमिनिटे तिथे 'रद्द' असा शिक्का पडलेली एक जुनी, स्वच्छ चादर अंथरत आणि उभे राहत. दुपारचा नमाज मनातल्या मनात पढायचा असतो, आवाज नाही, फक्त ओठ हलतात. बाहेरून पळता पळता पैलवानाला ते हलणारे ओठ रोज दिसत.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, आणि मशिदीच्या कमिटीवर नवा सेक्रेटरी आला. हार्डवेअरचं दुकान चालवणारा, चळवळ्या, मनाने चांगला माणूस. त्याने एका शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं की दीन, म्हणजे आपला धर्म, आपल्यापुरता कोंडून ठेवू नका, प्रत्येकाने निदान एका माणसापर्यंत तो पोचवा. दारात गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं ठेवली होती. सातमिनिट्यांना नाही म्हणता येत नाही हे आपण पाहिलंच आहे. त्यांनी दहा उचलली.

दोन दिवस ती पिशवीतच राहिली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, चोरी करावी तसे इकडेतिकडे बघत, त्यांनी एक पैलवानापुढे सरकवलं आणि वेळ मिळेल तेव्हा वाच म्हणाले. पैलवानाने हात पुसले, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, चादरीसारखी त्याची नीट चौघडी केली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"एकोणीस वर्षं समोरासमोर उभे आहोत," तो म्हणाला, "आणि तू मला कागद देतोस? दारावर आलेला विक्रेता देतो तसा?"

सातमिनिट्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पैलवानच पुढे बोलला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"कागद राहू दे. तू रोज आत उभा राहून काय म्हणतोस, ते सांग. मी तेवढा वेळ मशीन सांभाळतो. कशासाठी सांभाळतो, ते तरी कळू दे. महिनाअखेरीला मी घरी बसणार, त्याच्या आत सांग."

सांगतो, असं सातमिनिटे म्हणाले. आणि म्हणताक्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपण फसलो. कारण ते काय म्हणतात, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

शब्द तोंडपाठ होते. आठव्या वर्षी छडीच्या धाकाने पाठ केलेले, एकही कानामात्रा न चुकणारे. पण अर्थ? देवाची स्तुती आहे, चांगलं काहीतरी आहे, एवढंच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी दिवसातून पाच वेळा एक पाकीट पोचवलं होतं आणि आत काय लिहिलंय ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. आता एक माणूस विचारत होता, आणि त्याच्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. पैलवानाला उत्तर देता आलं नाही तर त्याची एकोणीस वर्षांची पळापळ फुकट गेली असं होणार होतं. आणि आपली स्वतःची? हा दुसरा प्रश्न सातमिनिट्यांना जास्त झोंबला.

मौलवीसाहेबांना विचारायचं तर लाज आड आली. पहिल्या रांगेत उभा राहणारा माणूस, केस पांढरे झाल्यावर विचारणार की आपण काय पढतो? त्यांनी अर्थाची एक पुस्तिका आणली. ती मराठीतच होती, पण अशा मराठीत की तिचाही अर्थ सांगायला कुणीतरी हवं होतं. पहाटेच्या नमाजानंतर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर आणि पुस्तिका नाकाला, असे ते तीन दिवस झटत होते. चौथ्या दिवशी पीठ मळता मळता त्यांच्या बायकोने विचारलं की हे काय चाललंय. त्यांनी सांगून टाकलं. ती मळतच राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत अर्थ घडाघडा सांगून मोकळी झाली. तिचे वडील बुकबाइंडर होते. ज्याचा अर्थ ठाऊक नाही ते तोंडात घोळवायचं नाही, असा त्यांच्या घरात नियमच होता, आणि मुलींनाही त्यातून सूट नव्हती.

"तुला हे सगळं येत होतं?" सातमिनिटे म्हणाले. "तीस वर्षांत कधी बोलली नाहीस ती."

"तुम्ही कधी विचारलंत?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सातमिनिट्यांनी पुस्तिका मिटली आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. बायको मास्तरीण म्हणून कडक निघाली. रोज एकच ओळ. तिने सांगायची, यांनी ऐकायची, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर आपल्या शब्दांत परत सांगायची. तिचेच शब्द म्हटले तर चालायचं नाही. एकदा त्यांनी कंटाळून पाठ केलेलंच म्हणून दाखवलं, तर तिने चहा पुढे न करता कप ओट्यावरच ठेवला.

एका सकाळी ती म्हणाली, "सजदा करताना तुम्ही कुठे असता?"

"कुठे म्हणजे? खाली. कपाळ जमिनीला."

"आणि तेव्हा काय म्हणता? माझा पालनहार सगळ्यांत उंच आहे. माणूस सगळ्यांत खाली असताना म्हणायचं ते."

त्या दुपारी त्या 'रद्द' चादरीवर कपाळ टेकल्यावर सातमिनिट्यांना ते आठवलं आणि उठवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लहानपणी छडीने रडवलं होतं त्यानंतर या शब्दांनी ते पहिल्यांदाच रडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर जळका वास सुटला तेव्हा ते धडपडत उठले. अकरा मिनिटं झाली होती. पैलवान एकटा पळून पळून धापा टाकत होता आणि दोन चादरींवर पिवळे पट्टे उमटले होते.

सुपरवायझर बाई आल्याच. सातमिनिटे तोंड उघडणार, तेवढ्यात पैलवानाने सांगितलं की हात थरथरला, वय झालं, आठवड्याभरात जातोच आहे, तोवर सांभाळून घ्या. सातमिनिट्यांनी मध्ये पडून चूक आपली आहे असं सांगितलं तेव्हा बाईंनी दोघांचीही नावं लिहून घेतली. त्या गेल्यावर पैलवानाने सातमिनिट्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि एकही टोमणा न मारता पुढची चादर रोलरला लावली. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सेक्रेटरीने हिशेब विचारला, माहितीपत्रकं किती वाटली. एक वाटलं, ते परत आलं, असं सातमिनिट्यांनी खरं ते सांगितलं. सेक्रेटरीचं तोंड उतरलं. म्हणजे काम झालं नाही म्हणायचं, तो म्हणाला. सातमिनिटे म्हणाले, आधी घरचं काम निघालं, ते करतोय.

शनिवार हा पैलवानाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी चहा आणि भाषणं ठरली होती. सातमिनिट्यांनी उत्तर आजवर पुढे ढकललं होतं, कारण भीती वाटत होती. पैलवान हसला तर? त्याच्या हसण्याला सगळं खातं भीत असे. दुपारी ते नमाज करून बाहेर आले तेव्हा पैलवान नुकत्याच निघालेल्या चादरीची दोन टोकं धरून उभा होता.

"आज सांगणार," तो म्हणाला, "का पोस्टाने पाठवणार?"

सातमिनिट्यांनी आपली टोकं धरली. चार पावलं मागे गेले, चार पावलं पुढे आले, आणि मध्ये भेटल्यावर त्यांनी पहिली ओळ सांगितली. सुरुवातीला त्याचं नाव घेतो. तो दयाळू आहे, हे दोनदा म्हणतो. दोनदा कशाला, पैलवानाने विचारलं. माणसाला एकदा सांगून पटत नाही म्हणून असेल, सातमिनिटे म्हणाले. दुसरी चादर आली. सगळ्या जगांना सांभाळणारा तोच. तिसरी आली. एक दिवस सगळ्यांचा निवाडा व्हायचाय, त्या दिवसाचा मालक तोच. तो मालक म्हणजे सुपरवायझर बाई नाहीत ना, एवढी खात्री पैलवानाने करून घेतली. चौथ्या चादरीला सातमिनिटे म्हणाले की मदत मागायची ती त्याच्याकडेच, आणि सरळ वाट दाखव म्हणायचं.

"एकोणीस वर्षं रोज वाट विचारतोयस? अजून सापडली नाही?"

"सापडते. मग पुन्हा चुकते. म्हणून रोज विचारायची."

पैलवान हसला नाही. पुढची चादर त्याने स्वतःहून ओढून घेतली. मग वाकणं, मग कपाळ टेकणं, खाली असताना उंचाचं नाव घेणं, हे सगळं सातमिनिट्यांनी सांगितलं. बायकोने शिकवलं होतं तसं, स्वतःच्या शब्दांत. ज्या ठिकाणी त्या दिवशी उठवलं नाही ते ठिकाण आलं तेव्हा त्यांनी तेही सांगितलं.

"आणि शेवटी मान वळवतोस ते?" पैलवानाने विचारलं. "आधी तिकडे, मग इकडे. तेवढंच मला नीट दिसतं."

"तो सलाम. उजवीकडे म्हणायचं, तुमच्यावर शांती असो, अल्लाहची दया असो. मग डावीकडे तेच."

"डावीकडे कोण असतं?"

"फरिश्ते असतात. आणि आपल्या शेजारी नमाजाला उभे असतील ते लोक."

पैलवानाने खोलीच्या अर्ध्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग टोकं हातातच ठेवून तो हळूच म्हणाला, "तुझ्या डावीकडे दार. दाराबाहेर मी."

असं म्हणता येतं का, हे सातमिनिट्यांना ठाऊक नव्हतं. मौलवीसाहेबांना विचारायला हवं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण एकोणीस वर्षं रोज दुपारी त्यांनी त्या बाजूला तोंड करून शांती आणि दया मागितली होती, आणि त्या बाजूला रोज हाच एक माणूस घामाघूम होऊन पळत होता, हे काही खोटं नव्हतं. त्यांना स्वतःला ते आत्ता कळलं होतं. तेही त्याच माणसाने सांगितल्यावर.

"चादर थंड होतेय," पैलवान म्हणाला आणि त्याने आपली टोकं त्यांच्या हातात दिली. घडी उचलायला तो वाकला तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला. संध्याकाळी भाषणात त्याने सगळ्यांची यथेच्छ टिंगल केली. सातमिनिट्यांची मात्र केली नाही.

सोमवारी मशीनवर शिवणटेबलावरची ताई आली. फाटक्या चादरींना ठिगळं लावण्यात तिची दहा वर्षं गेली होती, रोलरचं काम तिला नवं होतं. सातमिनिटे तिला समजावून सांगायला लागले, तर पैलवानभाऊंनी शनिवारीच सगळं दाखवलंय म्हणाली. वेगाचा खटका अडकतो, ओली चादर मधोमध सोडायची नाही, आणि दीड वाजता तुम्ही आत जाल तेव्हा रोलर हळू करून दोन्हीकडून एकटीने बघायचं.

"जरा पळावं लागेल, ताई," सातमिनिटे संकोचाने म्हणाले.

"तेही सांगितलंय. आणि आणखी एक म्हणाले. आत जाऊन तो काय म्हणतो ते विचार, त्याला सांगता येतं."

सातमिनिट्यांनी अर्ध्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात रोलरमधून दिवसाची पहिली चादर गरम गरम बाहेर आली.

"टोकं धरा," ते म्हणाले, "सांगतो."