बिरप्पाचा टॉवेल

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मे महिन्यात यंत्रमागावर उभं राहायचं म्हणजे जीव नकोसा होतो. आम्ही सगळे उघड्या अंगानं काम करायचो. एकटा बिरप्पा शर्टावरून टॉवेल गुंडाळून, वर पिन लावून उभा असायचा. मैंदर्गीकडच्या धनगराचा हा पोरगा कामाला वाघ, पण मुखदुर्बळ.

सत्तावीस वर्षांपूर्वी, तो नवा असताना, मी गंमत म्हणून तो टॉवेल ओढला. घामानं चिकटलेल्या शर्टातून बाईसारखी छाती दिसली. मी हसलो, मग सगळी शेड हसली. अक्कल गहाण टाकली होती मी.

त्याच वर्षी त्याचं लग्न ठरलं. हळदीला नवरदेव उघड्या अंगानं पाटावर बसतो, गावातल्या बाया हळद लावतात. हळदीच्या सकाळीच बिरप्पा पळाला. मुलीकडच्यांनी वाट पाहून तिला दुसरीकडं दिली. पोराचं डोकं फिरलं, असं गाव म्हणालं. खरं कारण मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो.

यंदा त्याच्या छातीतली डाव्या बाजूची गाठ दुखायला लागली. कॅन्सरच्या धास्तीनं तो जेवेना. मीच त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं. त्यांनी दोन्ही बाजू दाबून पाहिल्या, दारू, कावीळ, चालू गोळ्या, सगळं विचारलं. रक्त तपासलं, फोटो काढला, सुईनं गाठीचा तुकडाही घेतला. आठ दिवसांनी पुन्हा तपासून म्हणाले, कॅन्सर नाही. वयात येताना बऱ्याच मुलांना अशी गाठ येते, बहुतेकांची आपोआप जिरते, याची राहिली. रक्तदाबाच्या एका गोळीनं दुखणं वाढलंय, ती बदलू.

माझा जीव भांड्यात पडला. बिरप्पाचा चेहरा मात्र उतरला.

"सायेब, ह्ये तवाच निघालं असतं का? लग्नाच्या वयात?"

"हो. छोटं ऑपरेशन. दोन दिवसांत घरी गेला असता. आताही करता येईल."

त्यानं शर्टाची बटणं लावली.

"आता कशाला? हळद लावाय कोन हाय?"

तपासताना काढलेला टॉवेल माझ्याच हातात होता. त्यानं हात पुढं केला. माफी मागायची सोडून मी टॉवेल दिला. त्यानं तो छातीवरून नीट गुंडाळला, पिन लावली.

"चल कोंडीबा," तो म्हणाला, "दुपारची पाळी हाय."