येते म्हणून जा

सुतकाच्या घरातून उठताना अक्का काही बोलत नसत. पदर सावरायचा, चपला पायात सरकवायच्या आणि जिना उतरू लागायचं. मी मागे राहून हात जोडत बसले तर खालून खाकरायच्या. अशा घरात 'येते' म्हणायचं नसतं, हे तुम्हालाही माहीत असेल. आपल्याकडेही म्हणत नाहीत. तमिळ माणसं मात्र याबाबतीत फार कडक असतात, वर्ष सरेपर्यंत पाळतात.

गंमत अशी, की स्वतःच्या घरी अक्कांचा नियम बरोबर उलटा होता. मी घाईत निघाले तर दार अडवून म्हणायच्या, "येते म्हण ग, मग जा." मी 'येते' म्हटलं, की त्या "सरी, बरं, ये" म्हणत आणि मगच वाट सोडत.

अंबत्तूरला आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. माहेर-सासर दोन्ही तंजावरचं, मराठी पिढ्यान्‌पिढ्या जुनं, आणि नोकरी रेल्वेच्या ऑफिसात झालेली. मुलगा परदेशात होता. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे मी सोलापूरहून इथे येऊन पडले होते आणि अण्णा नगरच्या एका समुपदेशन केंद्रात काम करत होते. माझं तमिळ ऐकून रिक्षावालेही हिंदीत बोलत. म्हणून घरभेटींना मी अक्कांना दुभाषी म्हणून सोबत नेऊ लागले.

दुभाषी म्हणून त्या अगदीच कुचकामी निघाल्या. समोरची बाई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बोले आणि अक्का मला सांगत, "दुखतंय म्हणते." एवढंच. मी चिडले, की म्हणायच्या, "अजून काय पायजे तुज?"

औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला आग लागली आणि सेल्वीचा नवरा त्यात गेला. तेव्हापासून सेल्वी बोलेनाशी झाली होती. केंद्रातले प्रश्न पाठ करून मी अक्कांबरोबर तिच्या घरी गेले. अक्कांनी वाटेत शेवग्याच्या पाल्याची जुडी घेतली, सेल्वीपुढे ठेवली आणि पानं ओरबाडायला बसल्या. थोड्या वेळाने सेल्वीनेही एक डहाळी उचलली. तीन बायका, एक सूप, आणि कुणी काही बोलत नव्हतं. खरं तर पाला रात्रभर फडक्यात बांधून ठेवला, की सकाळी पानं आपसूक गळतात. मी हे शहाणपण सांगितलं तर अक्का म्हणाल्या, की मग बसायचं कशाला?

दर आठवड्याला आम्ही जायचो, पाला निवडायचो आणि न बोलता उठायचो. सेल्वीची सासू दारात बसून आमच्यावर नजर ठेवी.

अक्कांची मुलगी कॉलेजात असताना अपघातात गेली होती. हे त्यांनी मला एकदाच, इडलीचं पीठ ढवळताना सांगितलं. तेव्हा माणसं आली आणि रीतीप्रमाणे न सांगता उठून गेली. पुढे वर्ष सरलं, सुतक फिटलं, तरी लोकांची तीच सवय राहिली. मग येणंच थांबलं. सगळे जण मुकाट्याने निघून गेलेलं घर कसं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. दारातल्या त्या अडवणुकीचा मला पुन्हा कधी राग आला नाही.

एके दिवशी सेल्वी आपण होऊन आत गेली आणि अक्कांसाठी कॉफी घेऊन आली. "साखर पुरे का?" असं तिने विचारलं. इतक्या महिन्यांत तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. अक्का हरखल्या. कॉफी प्यायल्या, उठल्या, आणि दारात वळून तमिळमध्ये चक्क म्हणाल्या, "जाऊन येते हं."

सासू ताडकन उठली. या घरात पुन्हा यायचंय म्हणजे अजून एक मयत हवी का, असं काहीसं ओरडली आणि दार लावून घेतलं.

आम्ही शेअर रिक्षाने परतलो. घराजवळ आल्यावर अक्का म्हणाल्या, "समदं ठाऊक होतं ग मज. पण तिनं 'ये' म्हणावं असं वाटलं."

त्यानंतर त्या कुठल्याच घरी आल्या नाहीत. मी एकटीच सेल्वीकडे गेले, पण दार उघडलं नाही. डिसेंबर सरताना, मार्गळीच्या थंडीत अक्कांना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत त्या गेल्या. मुलगा आला, दिवसकार्य उरकलं. घर आवरायला तो मला किल्ली देऊन गेला.

मी भांडी बांधत होते, तेव्हा दारात सेल्वी उभी होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मागे सासू होती आणि सासूच्या हातात पाल्याची जुडी. आम्ही तिघी रिकाम्या खोलीत फरशीवर बसलो. पानं ओरबाडता ओरबाडता सेल्वी बोलायला लागली. आगीचं बोलली, नवऱ्याच्या डब्याचं बोलली, भरभरून बोलली. मला अर्धंच समजलं. दुखतंय म्हणत होती.

जुडी संपल्यावर दोघी उठल्या आणि न बोलता जिना उतरून गेल्या. रीतच आहे ती.

मी पाला पदरात घेतला, दिवा मालवला. उंबऱ्यात पाय अडखळला. सुतकाचं घर होतं, मला ठाऊक होतं.

"येते, अक्का," मी म्हटलं.

आणि सवयीने तिथेच थांबून राहिले.