ड्राय बाल्कनीतलं ताट

आईच्या केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीनंतर डॉक्टरांनी दादा, वहिनी आणि मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या, साधी सर्दीसुद्धा तिला महागात पडली असती. तिची भांडी वेगळी ठेवा, गरम पाण्यानं धुवा, घरात कुणी खोकत असेल तर त्यानं तिच्यापासून लांब राहावं, असं त्यांनी सांगितलं. सूचना सोपी होती. जपायचं होतं आईला, आणि तेही आमच्यापासून.

आई तेव्हा दादाकडे खराडीला राहत होती. दादा आणि वहिनी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या इमारतीला लिफ्ट होती, हॉस्पिटल जवळ होतं, आणि येरवड्याचं आमचं जुनं घर दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याचं. म्हणून तसं ठरलं होतं. मी कॉलेजात तास संपवून संध्याकाळी तिकडे जायचे आणि आई झोपली की येरवड्याला परतायचे.

एका संध्याकाळी तिच्यासाठी पेज काढायला मी स्वयंपाकघरात गेले, तर मांडणीत तिचं ताट दिसेना. ते ड्राय बाल्कनीत होतं. वॉशिंग मशीनशेजारी, साबणाच्या पुड्यावर पालथं घातलेलं. वाटी आणि पेलाही तिथंच. तिन्हींच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, चुकून मिसळायला नकोत, घरात लहान मूल आहे. लहान मूल म्हणजे माझी भाची. त्या आठवड्यात तिचं नाक वाहत होतं आणि ती दिवसभर आजीच्या मांडीवर लोळत होती. त्याला कुणाची हरकत नव्हती. आजीच्या पेल्याला मात्र हात लावायचा नाही, हे तिला नीट शिकवलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट केबिनपासून घरापर्यंतच्या रस्त्यात उलटी झाली होती. जिला जपायचं तिच्यापासूनच सगळे स्वतःला जपत होते.

त्याच सुमारास आईचं जेवण तुटलं. ताट समोर आलं की ती म्हणायची, ठेव, नंतर खाते. वजन उतरत चाललं. डॉक्टरांनी बजावलं की असंच चाललं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, आणि डोस लांबवणं या आजारात परवडत नाही. मग घरात पावडरी आल्या, मिक्सरमधली सुपं आली. दादा इंटरनेटवर वाचून तोंडाची चव परत आणायचे उपाय सांगायचा. आई ते सगळं त्या ठिपकेवाल्या वाटीत बघायची आणि तोंड फिरवायची.

रक्ततपासणीच्या दिवशी मी तिला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नेलं. गरम इडली मागवली. माझ्याशी कॉलेजच्या गप्पा मारता मारता तिनं सगळी खाल्ली आणि चटणी आणखी मागितली. मी विचारलं, इथं जातं तर घरी का जात नाही?

ती म्हणाली, "माझं ताट बाहेर का असतं गं?"

"डॉक्टरांनी वेगळं ठेवायला सांगितलंय, आई."

"वेगळं सांगितलं. बाहेर सांगितलं का?"

तिनं बोटं पुसली आणि अगदी सहज म्हणाली, "आमच्या बाचा कप हॉटेलाच्या बाहेर खिळ्याला असायचा. पण तो परक्यांनी टांगलेला."

तिच्या गावात चहाचं एकच हॉटेल होतं. आजोबांचा टवका उडालेला कप बाहेरच्या भिंतीवर असायचा. चहा वरून ओतला जायचा, आणि पिऊन झाल्यावर आजोबांनीच तो विसळून परत टांगायचा. छप्पन साली आजोबांनी धम्म घेतला आणि त्या हॉटेलात जाणं सोडलं. आई शिकली, पुण्यात पाटबंधारे खात्यात कारकून झाली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिपाई सगळ्यांचे कप ट्रेमध्ये गोळा करी आणि तिचा टेबलावरच राहू देई. तिनं स्वतः उठून आपला कप ट्रेच्या मधोमध ठेवला आणि सगळे कप भरेपर्यंत तिथंच उभी राहिली. ही गोष्ट ती आम्हाला हसत सांगायची. दरवेळी अगदी त्याच शब्दांत. त्या बाईचं ताट पोटच्या पोराच्या घरात साबणाच्या पुड्यावर होतं.

त्या संध्याकाळी मी दोघांना बसवून सांगितलं. वहिनीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हे मेडिकल आहे. तुम्ही इमोशनल होऊ नका." दादा चिडला. म्हणाला, "कुठलं कुठे जोडतेस तू? आपल्याच घरात कोण जात पाळणार?"

त्याच्या या वाक्याचा मला आजही संताप येतो. आपण सोसलं आहे, म्हणजे ते आपल्या हातून होणारच नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. आमच्या घराघरांत दर्शनी भिंतीवर असतो तो फोटो त्यानं बेडरूममध्ये लावला होता. हॉलमध्ये शोभेचा बुद्ध होता, पायाशी पाण्यात तरंगणारी फुलं. कंपनीतली माणसं घरी येतात, विषय निघायला नको, इतकंच त्याचं कारण. मी त्यावर कधी बोलले नव्हते. घर त्याचं, भिंत त्याची. पण ताट आईचं होतं.

पुढच्या भेटीत मी दोघांच्या देखत डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भांडी वेगळी ठेवायची ती आजींना तुमचे जंतू लागू नयेत म्हणून. कॅन्सर ताटातून कुणाला लागत नाही. वहिनी म्हणाली, "हो, पण खबरदारी घेतलेली बरी, नाही का?" डॉक्टरांनी मान हलवली. कशाला हलवली ते त्यांनाच ठाऊक, बाहेर रांग होती. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर ताट होतं तिथंच होतं. फक्त वर जाळीचं झाकण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला येरवड्याला घेऊन आले. दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना सांग लिफ्ट बंद आहे. आई जिना बसत बसत चढली. पहिल्या मजल्यावरच्या शेजारणीनं खुर्ची बाहेर आणून ठेवली, ती पुढे कायमची तिथंच राहिली. मी आईची भांडी उकळत्या पाण्यानं धुवायचे आणि मांडणीत वरच्या फळीवर, सगळ्यांत आधी हाताशी येतील अशी ठेवायचे. मला सर्दी झाली की मीच दाराशी बसून जेवायचे. ती मला तिकडून भाकरी फेकल्यासारखं करून चिडवायची. ती जेवू लागली. पुढचा डोस ठरल्या दिवशी झाला, आणि त्यानंतरचेही. आजार मात्र उलटला. अखेर दोनेक वर्षांनी ती गेली. ती ताटामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण अन्नावरची वासना औषधानं गेली, असंही मला कुणी सांगू नये.

तिच्यानंतर दादानं हॉस्पिटलच्या केमोच्या वॉर्डात पाणी शुद्ध करणारं मोठं यंत्र दिलं. कंपनीच्या समाजकार्याच्या दिवशी तो कार्यक्रम झाला. सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे. आईच्या नावाची पाटी. दादा बोलला की आईची सेवा आम्ही सगळ्यांनी मिळून केली, आता समाजाला काही परत द्यायचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्र चांगलं आहे. मीही त्यातलं पाणी पिते.

कारण शनिवारी मी त्या वॉर्डात असते. समाजसेविकेच्या परवानगीनं पेशंटच्या घरच्यांशी बोलते. दुसरं काही मला येत नाही. हात धुवा, खोकला असेल तर लांब बसा, एरवी त्यांच्या शेजारी बसून जेवा. अनेक जण म्हणतात, आम्ही शेजारीच बसतो. मी विचारते, ताट कुठं ठेवता? मग ते एकमेकांकडे बघतात. बंगल्यात राहणारे बघतात, चाळीत राहणारेही बघतात.

एकदा मांजरी गावाकडची एक तरुण बाई ड्रिप लावून पडली होती. डबा तसाच होता, तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सासू लांब बाकावर बसलेली. तिचा डबा निराळा, पाण्याची बाटलीही निराळी. मी माझं नेहमीचं सांगितलं. सासूनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही डाक्टर हाय का?"

"नाही. कॉलेजात शिकवते. माझी आई इथंच होती."

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"येरवड्याची."

"तसं नव्हं. आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं. तिनं बाटली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि पदर सारखा केला.

"आत्या," सून खाटेवरून म्हणाली, "त्या बाई सांगतात ते ऐका. डबा घेऊन इकडं या. मला भूक लागली."

सासू बसून राहिली. सुनेनं मोकळा हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. शेवटी सासू उठली, दोन्ही डबे घेऊन खाटेवर टेकली आणि झाकणं काढली. सुनेनं सासूच्या डब्यातली भाजी बोटानं चाखली, मीठ कमी आहे म्हणाली, आणि दोघी जेवायला लागल्या.

मला कुणी बस म्हटलं नाही. मी पुढच्या खाटेकडे गेले.