ईटच्या माळावर न मागता लावलेली गाडी

बावीस वर्षं मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवतोय. पहिल्या तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहितो — गाडी कारणाशिवाय आवाज करत नाही. भूत, करणी, बाहेरचं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी त्याला विचारतो, "आधी प्लग साफ केलावता का?" बायको म्हणते, तुमच्या अंगात रक्ताऐवजी ऑइल आहे. असेल. त्यामुळं पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर हसलो असतोच, वर दोन टोमणेही मारले असते.

आम्ही राहायला धाराशिवला. मी, बायको वैशाली, नऊ वर्षांची सई, माझे वडील — आबा — आणि खंड्या नावाचं गावठी कुत्रं. दर हिवाळ्यात दोन-चार शनिवार-रविवार आम्ही तंबू घेऊन बाहेर पडायचो. कधी तेरच्या बाजूला नदीकाठी, कधी येरमाळ्याच्या पुढं डोंगरात. लोक म्हणायचे, चांगलं घर सोडून मातीत झोपायची काय ही हौस! पण ही हौस नाही, रक्त आहे. आबांचं बालपण पालात गेलं. दिवाळी झाली की आजोबा मेंढरं घेऊन निघायचे, ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्याच बांधाला पाल ठोकायचे. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि पालाच्या जागी बाजारातला निळा तंबू आणला, एवढाच फरक.

तंबू लावायच्या आधी आबांची एक रीत असायची. चप्पल काढायची, उजवी टाच जमिनीवर तीनदा आपटायची. मग तिथं झोपणाऱ्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "ऱ्हाऊ द्या." मग कुत्र्याकडं बघायचं. कुत्रं बसलं, तर जागा मिळाली. उभंच राहिलं, तर बिऱ्हाड उचलायचं. आणि ज्याचं नाव घ्यायचं राहिलं, त्यानं त्या रात्री तिथं पाठ टेकायची नाही. लहानपणी एकदा आबांच्या चुलत्याचं नाव राहिलं, तर तो बिचारा रात्रभर शेजारच्या बांधावर बसून होता म्हणे. मी चिडवायचो, "आबा, ग्रामपंचायतीचा दाखला बी काढू का?" आबा हसायचे, पण टाच आपटल्याशिवाय खुंटी ठोकू द्यायचे नाहीत.

मग आबांचे गुडघे गेले. जमिनीवर बसले की दोघांनी उचलावं लागायचं. दोन हिवाळे ते घरीच राहिले. आम्ही निघालो की गॅलरीत कठडा धरून उभे राहून हात करायचे, आणि तो हात मला दिवसभर टोचायचा. म्हणून मी एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस घेतली आणि आठ महिने खपून तिचं घर केलं. आबांसाठी कमरेएवढ्या उंचीचा पलंग, त्याला धरायला दांडी, पडद्यामागं कमोड, गॅसची शेगडी, टपावर सोलर, दोन पंखे. खंड्यालासुद्धा दाराशी गादी! वैशाली म्हणाली, "आता ह्यात फक्त तुळशीवृंदावन राहिलं."

पहिल्या ट्रिपला कुठं जायचं ते आबांनीच सांगितलं. भूम तालुक्यात ईटच्या अलीकडं एक माळ आहे, त्याखाली पाझर तलाव. तिथं त्यांचं पाल पडायचं. गेल्या डिसेंबरातला शनिवार होता. आबांना घरातल्या खाटेवरून उचलून थेट गाडीतल्या पलंगावर ठेवलं. त्यांच्या तळव्याला वाटेत कुठंच माती लागली नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता.

साडेतीनला पोचलो. जागा सपाट, मुरुमाची, कडक. माझी सवय म्हणून सगळं नीट केलं — गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना पुढून-मागून दगड. सई पाण्याकडं धावू नये म्हणून गाडीपासून काठापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. बावीस पावलं. गाडीच्या मागच्या हुकापासून एका बाभळीला दोरी बांधली, सैल, टॉवेल वाळत घालायला. हा आकडा आणि ही दोरी लक्षात ठेवा.

आबा खिडकीतून बघत होते. "जागा मागितली का रं?"

"आबा, ही गाडी हाय, पाल न्हाय. खुंटीच ठोकायची न्हाय, तर मागायचं काय? आपण कुठं जमिनीवर झोपायलोय?"

"उतरू दे की मला. म्या मागतो."

"गुडघे बघा आधी. चहा घ्या, गप पडा."

खंड्या केव्हाच आपल्या गादीवर पसरला होता. मी म्हणालो, "हे बघा, कुत्रं बसलंय. मिळाली जागा." सई खळखळून हसली. आबा हसले नाहीत.

सहाच्या सुमारास सूर्य बुडाला. वैशाली बाहेर दारापाशी भाकरी थापत होती. आणि गाडीच्या फरशीखालून आवाज आला. टक्. टक्. टक्.

मी लगेच म्हणालो, सायलेन्सर. गरम लोखंड थंड होताना वाजतं. पण इंजिन बंद करून अडीच तास झाले होते, हे बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं. टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. सायलेन्सर गारठोक. खाली काही नाही, कुणी नाही. आणि मी गाडीखाली असतानाच परत तीनदा वाजलं. वर नाही... माझ्या पाठीखाली. जमिनीतून. टाच आपटल्यासारखं.

मी बाहेर आलो तो रांगतच. तेवढ्यात खंड्या गादीवरून उठला, खाली उडी मारली आणि पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. भुंकला नाही, शेपटी हलवली नाही. नुसता उभा.

"अहो," वैशाली म्हणाली, "दोरी बघा."

सैल बांधलेली दोरी ताणली होती. टॉवेल तिच्यावर सरळ लोंबत होते. मी बोट लावलं, तर कडक. गाडी सरकली, दुसरं काय! मी चाकं बघायला वाकलो. चारही चाकांचे दगड चाकांना चिकटलेले. मुरुमावर घासल्याची रेघ नाही. चाकाखाली चिरडलेलं गवत होतं तसंच. मग मी पावलं मोजली.

अठरा.

परत मोजली. अठराच. स्वतःला सांगितलं, मघाशी चुकलं असेल. पण बावीस वर्षं मोजमाप शिकवणारा माणूस आहे मी, चार पावलं चुकत नाही.

"सईला उतरव आधी, मी गाडी मागं घेतो. निघायचं," मी म्हणालो.

सई आत आबांच्या पलंगावर बसली होती. वैशालीनं सरकतं दार ओढलं. सरकेना. खंड्या दोन मिनिटांपूर्वी ज्या दारातून उतरला, तेच दार, कधी लागलं कुणास ठाऊक. मी जोर लावला. मी स्वतः बसवलेलं, स्वतः ग्रीस लावलेलं दार! चेसिसला पीळ बसला की दार अडकतं हे मला माहीत आहे, पण पीळ बसायला गाडी तिरकी व्हावी लागते, आणि ती ठोकळ्यासारखी सपाट होती. मी पळत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, किल्ली फिरवली. दिवे लागले. सेल्फ मारला तर नुसतं टक्. परत मारला. टक्. तिसऱ्यांदा टक्. ह्या जागेनं आमच्या गाडीलाही तेच शिकवलं होतं.

केबिन आणि घर यांच्यात मी प्लायवूडची भिंत घातली होती, इंजिनची धग घरात येऊ नये म्हणून. तेव्हा स्वतःच्या हुशारीला मी किती शिव्या घातल्या ते इथं लिहिता येणार नाही. भिंतीच्या जाळीतून सईचा आवाज येत होता. "पप्पा, पाणी जवळ दिसायलंय."

मी उतरलो. मोजायची गरज नव्हती, तरी मोजली. चौदा. चाकं फिरत नव्हती, दगड हलत नव्हते, आणि पाणी जवळ येत होतं. मागं दोरी कर्र करून वाजली आणि तुटली. टॉवेल मुरुमात पडले. मी स्पॅनर घेऊन खिडकीची काच फोडायला निघालो. माझी पोर आत होती, माझा बाप आत होता, आणि मी तोंडानं नुसतं "थांब, थांब" म्हणत होतो... कुणाला म्हणत होतो, देव जाणे.

आणि दार आतून उघडलं. सहज, लोण्यातून सुरी फिरावी तसं. दारात आबा उभे होते. दोन वर्षं धरल्याशिवाय उभा न राहिलेला माणूस एकटा पायरी उतरला, अनवाणी. मी हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला.

"आपण इचारलं न्हाय," आबा म्हणाले, "म्हणून ह्यो माळ इचारायलाय. कोण कोण हाय म्हणून."

त्यांनी उजवी टाच तीनदा आपटली. मोठ्यानं नावं घेतली — स्वतःचं, माझं, वैशालीचं, सईचं. "चुकी झाली पोराची. ऱ्हाऊ द्या."

आम्ही सगळ्यांनी खंड्याकडं बघितलं. मीही. खंड्या उभाच.

सई दारात येऊन रडत होती, वैशालीनं तिला कवटाळलं होतं. आबांनी एकदा सईकडं बघितलं. मग परत टाच आपटली आणि परत नावं घेतली. माझं, वैशालीचं, सईचं. "ह्यास्नी ऱ्हाऊ द्या."

खंड्या बसला. पुढच्या पायांवर डोकं टेकून, जसा तंबूपाशी बसायचा तसा.

मी किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. मी म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता निघू. तर आबा म्हणाले, "येड्या, मागून घेतलेली जागा टाकून जाशील तर लई वंगाळ. आता ऱ्हायाचं." आणि आम्ही राहिलो. का राहिलो, सांगता येत नाही. त्या माणसाचा आवाज तसा होता. मी वैशाली आणि सईला मधे घेऊन पडलो, आणि कमाल म्हणजे आम्हाला झोपही लागली.

सकाळी उठलो तर आबांचा पलंग मोकळा. ते बाहेर फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते, घोंगडी पांघरून, डोळे लाल. दोन्ही पाय एका उलट्या बादलीवर ठेवलेले, जमिनीला लागू नयेत असे.

"झोपला न्हाईत?"

"माजं नाव कुठं घेतलंवतं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्यांदा चार नावं होती. दुसऱ्यांदा तीन.

"आबा, असं का केलंत?"

"सगळ्यांची मिळंना. मग ज्यांची मिळंल त्यांची घेतली." एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

निघण्याआधी मी टेप लावून मोजलं. चाकांचे दगड जागच्या जागी. तुटलेल्या दोरीची दोन टोकं एकमेकांपासून आठ फूट लांब. बाभळीच्या मुळाशी भेग नाही, मुरुम सरकलेला नाही. नंतर मी गाडी रॅम्पवर चढवली, दोन दिवस उघडून बसलो. काही सापडलं नाही. पाटबंधारे खात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, तलाव त्या आठवड्यात उलट उतरला होता.

त्या दिवसानंतर आबा स्वतःहून उभे राहिलेले नाहीत. दुखत काही नाही. डॉक्टर म्हणतात, वय. खातात थोडं, झोपतात जास्त. जागेपणी सईला मेंढरांच्या गोष्टी सांगतात, लहानपणच्या. आणि खंड्या, जो आयुष्यभर त्यांच्या खाटेखाली लोळला, तो आता खाटेपाशी उभा असतो. मी त्याला दामटून बसवतो. पाठ फिरवली की परत उभा.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मी घरी खोटं बोललो. ब्रेकची ट्रायल घेऊन येतो म्हणालो, आणि खंड्याला घेऊन त्या माळावर गेलो. तिथं चिटपाखरू नव्हतं. बूट काढले, मोजे काढले. आयुष्यात पहिल्यांदा टाच आपटली, तीनदा, आणि आबांचं पूर्ण नाव घेतलं. "एकाचं ऱ्हायलंय. त्यांना बी ऱ्हाऊ द्या." लाज वाटली, आणि मग रडू आलं. मग खंड्याकडं बघितलं. दुपारपर्यंत बघत राहिलो.

घरी आलो तर आबा जागे होते. माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "टाच पूस आधी. मुरुम लागलाय." मग थोड्या वेळानं, छताकडं बघत, "बसलं का कुत्रं?"

"बसलं की," मी म्हणालो.

आबांनी डोळे मिटले. त्यांना कळलं असेल. खोटं बोलताना मी कान खाजवतो, हे त्यांना मी सईएवढा होतो तेव्हापासून माहीत आहे.

फळ्यावरचं वाक्य मी अजून लिहितो, फक्त लिहून झाल्यावर पोरांकडं बघत नाही. आणि दर रविवारी सकाळी ईटच्या अलीकडं, तलावावरच्या माळावर एक टकला माणूस अनवाणी टाच आपटताना आणि एका कुत्र्यापुढं हात जोडताना दिसला, तर हसू नका. खंड्या अजून बसलेला नाही. पण आबाही अजून आहेत.